पूर्वपक्ष लिहायला शिकताना

तत्त्वज्ञानात एम. ए. केलंय असं सांगितलं की लोक मला मन शांत कसं ठेवायचं, देव आहे का, कर्माचं फळ मिळतं का, असे प्रश्न विचारतात. ते मनापासून विचारलेले असतात, म्हणून मी ते टाळत नाही. पण वर्गात बसून मी जे शिकले ते यापेक्षा वेगळं होतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. एखाद्याचं म्हणणं पटत नसताना ते पूर्ण ताकदीनिशी मांडायचं आणि त्यानंतरच उत्तर द्यायचं, ही गोष्ट मी या विषयात शिकले. ती शिकायला मला बी. ए. आणि एम. ए. दोन्ही लागले.

सुरुवात तर्कशास्त्रापासून झाली. आमच्या बार्शीत अकरावी-बारावीला कला शाखेतली मुलं तर्कशास्त्र घेतात ते मार्क मिळतात म्हणून. उत्तर बरोबर आलं की पूर्ण मार्क, हस्ताक्षराचा नि पानं भरण्याचा संबंध नाही. सत्यता कोष्टकं, मग अनुमानाचे नऊ नियम आणि एका विधानाच्या जागी दुसरं समतुल्य विधान ठेवण्याचे दहा नियम. एम. पी., एम. टी., एच. एस. अशी त्यांची आद्याक्षरं आम्ही एसटीत बसूनसुद्धा पाठ करायचो. एका गोष्टीवर मात्र सगळा वर्ग अडला. ‘जर-तर’च्या विधानात ‘जर’चा भाग खोटा असेल तर पूर्ण विधान खरं धरायचं, हे कुणालाच पचेना. सरांनी कोष्टक पुसलं आणि विचारलं, “पाऊस पडला तर छत्री आणीन, असं तू म्हणालीस. पाऊस पडलाच नाही. तू शब्द मोडलास का?” नाही मोडला. “मग विधान खोटं कधी ठरेल तेवढंच बघ.” पाऊस पडला आणि छत्री आणली नाही, फक्त तेव्हा. एखादं वाक्य नेमकं काय कबूल करतं आणि काय कबूल करत नाही हे असं तपासता येतं, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. पुण्यात बी. ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं मी तिथंच ठरवलं.

घरी अण्णांनी एकच प्रश्न विचारला. “अगं, इतिहास घे, भूगोल घे, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल. हे घेऊन पुढं काय?” मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही पारायणाला बसता तेव्हा पुढं काय असं विचारता का?” ते काही बोलले नाहीत, पण फी भरली. आई म्हणाली, होस्टेल चांगलं बघ.

बी. ए.च्या पहिल्या वर्षाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वर्गात मोजकी मुलं, त्यातली निम्मी दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. दुसऱ्या वर्षी भारतीय तत्त्वज्ञानाचा पेपर आला आणि त्यात न्यायदर्शन, म्हणजे अनुमानाचा बारकाईनं विचार करणारं आपल्याकडचं दर्शन. परीक्षेपुरतं वाचायचं तर श्रीनिवास हरी दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ पुरेसं होतं, आणि ते पुस्तक नितळ आहे. पण शिकवणाऱ्या मॅडमनी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह मुळातून वाचायचा असा आग्रह धरला. सतराव्या शतकातला हा ग्रंथ इतका छोटा आहे की नुसता वाचायला एक संध्याकाळ पुरते. समजायला आम्हाला अख्खं सत्र लागलं.

डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथेही आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. हे पाच अवयव पाठ करून कुणीही लिहू शकतं आणि परीक्षेत बहुतेक जण तेवढंच लिहितात. खरी गंमत पुढे आहे. मॅडमनी वाक्य उलटं केलं : डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे. हे का चालत नाही? आम्ही म्हटलं, आग असली तरी धूर असेलच असं नाही. “हे उदाहरणानं दाखवा.” ग्रंथात उदाहरण तयारच आहे : तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा. त्यात आग आहे, धूर नाही. मग धूर कशामुळे येतो? जळण ओलं असल्यामुळे. हा ओल्या जळणाचा संबंध म्हणजे उपाधी. जिथे धूर तिथे तो असतोच, पण जिथे आग तिथे तो असतोच असं नाही. ‘अमुक आहे म्हणून तमुक’ असं कुणी ठासून सांगितलं की, न बोललेलं ओलं जळण कुठे आहे हे शोधायची सवय मला तेव्हापासून लागली. वर्तमानपत्रातला अग्रलेख असो की घरातलं भांडण, ते बहुधा सापडतं.

हेत्वाभासांचंही, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या पण सदोष कारणांचंही, तसंच. डोंगरावर आग आहे, कारण डोंगर ज्ञानाचा विषय होऊ शकतो, हा साधारण सव्यभिचार, कारण तळंही ज्ञानाचा विषय होतं आणि तळ्यात आग नसते. आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, हा आश्रयासिद्ध, कारण ज्याबद्दल बोलायचं ते कमळच मुळात नाही. मला सगळ्यात विचार करायला लावला तो सत्प्रतिपक्षानं. शब्द, म्हणजे ध्वनी, नित्य आहे, कारण तो ऐकू येतो, असं एकानं म्हणायचं. शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो, असं दुसऱ्यानं. तुमच्या हेतूसमोर तितक्याच ताकदीचा उलटा हेतू उभा असेल तर तुमचं अनुमान अडतं. म्हणजे समोरच्याचा हेतू किती बळकट आहे हे नीट पाहिल्याशिवाय स्वतःच्या अनुमानाची परीक्षाच होत नाही.

पेपरात मात्र याचं काहीच दिसत नाही. ‘हेत्वाभास म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार सविस्तर स्पष्ट करा’ आणि शेवटी ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’. तयार नोट्स मिळतात, त्या पाठ करून पहिला वर्ग मिळतो आणि एकही अनुमान स्वतः न तपासता पदवी हातात येते. या पद्धतीबद्दल मला राग आहे. तो पोरांवर नाही. दहा ओळींचा एक खराखुरा युक्तिवाद देऊन ‘यात हेतू कुठे आहे आणि तो कुठे लंगडा पडतो’ असं विचारलं, तर अभ्यास कसा करायचा हेच बदलून जाईल.

एम. ए.ला विद्यापीठात आले तेव्हा वाचायची पद्धत पालटली. आता पुस्तकांऐवजी पानं वाचायची होती. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ या १७८१च्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १७८७ची. इंग्रजी भाषांतरात समासात ए आणि बी अशी दोन्ही आवृत्त्यांच्या पानांची खूण असते आणि चर्चा त्या आकड्यांवर चालते. ‘बी दोनशे तेहतीस उघडा’ म्हटलं की सगळे तिथे. एकेका परिच्छेदावर आठवडा जायचा. आम्ही मराठी माध्यमातून आलेलो. उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती, पण मूळ वाचन इंग्रजीतच. जयकर ग्रंथालयात दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’चे तीन खंड आहेत, १९७४चे. ते उघडून बसलं की कळायचं, आपल्या आधी कितीतरी लोकांनी हे सगळं मराठीतून विचारात घेतलेलं आहे. गावाकडून आलेल्या माझ्यासारखीला त्या खंडांनी फार बळ दिलं.

चर्चासत्राची अट कडक होती. निबंध वाचताना पहिला अर्धा वेळ प्रतिपक्षासाठी. तुम्ही स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या विरुद्ध बोलणार असाल तर आधी ह्यूम मांडायचा, आणि वर्गातल्या एकानं ह्यूमच्या बाजूनं उभं राहून ‘हो, मला असंच म्हणायचंय’ असं कबूल केल्यावरच पुढे जायचं. कबूल केलं नाही तर निबंध तिथेच थांबायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. आपल्याकडच्या भाष्यग्रंथांची रचनाच अशी आहे. विषय, संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, आणि त्यानंतर सिद्धान्त म्हणजे स्वतःचं मत. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात कितीदा तरी असं होतं की पूर्वपक्ष वाचताना आपण त्याला मान डोलवत असतो आणि मग उत्तर येतं. आता काहीही वाचायला घेतलं तरी मी आधी पूर्वपक्ष शोधते. तो दुबळा दिसला की लेखकावरचा माझा विश्वास तिथेच कमी होतो.

हे फक्त संस्कृत ग्रंथांतच आहे असंही नाही. डॉ. आंबेडकरांचं लाहोरला व्हायचं भाषण ते ठरवणाऱ्या जात-पात तोडक मंडळानं रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते १९३६ साली स्वतःच छापलं. जातिसंस्थेचं निर्मूलन हा त्याचा विषय. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधीजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत छापलं आणि मग एकेका मुद्द्याला उत्तर दिलं. आमच्या वर्गात हा मजकूर समाजतत्त्वज्ञानाच्या पेपरात होता. मी तो तर्कशास्त्राच्या पेपरातसुद्धा लावला असता. वाद कसा करावा याचा याहून चांगला नमुना मला विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात दुसरा दाखवता येणार नाही.

याच काळात आम्ही काही जण अंमळनेरला जाऊन आलो. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातल्या एका गावात, गिरणीच्या पैशातून, शुद्ध तत्त्वचिंतनासाठी संस्था! कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली ‘अज्ञान’ या एकाच संकल्पनेवर पुस्तक लिहिलं. त्यात तिघांची मतं वेगवेगळी. साने गुरुजीही आधी या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि मग तिथल्या शाळेत शिक्षक झाले. परत आल्यावर मी हे अण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “ज्ञानोबांनी अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन केलंय, ते या लोकांनी वाचलं होतं का?” सातवं प्रकरण, ग्रंथातलं सगळ्यात मोठं. त्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते ओवीओवीनं वाचलं. अज्ञान खरंच असेल तर ते ज्ञानाच्या आश्रयानं राहतं की स्वतंत्र, हा ज्ञानदेवांचा प्रश्न अण्णांना तोंडपाठ होता. तो एक युक्तिवाद आहे आणि त्याच्या एकेका पायरीवर थांबून विचारता येतं, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी मला ओवी कशी म्हणायची ते दाखवलं. त्यानंतर ‘पुढं काय’ हा प्रश्न घरात निघाला नाही.

प्रबंधिकेसाठी मी व्याप्तीचा प्रश्न घेतला. जिथे धूर तिथे आग, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? पाहिलेले धूर मोजके, न पाहिलेले अगणित. कुठेतरी, केव्हातरी आगीशिवाय धूर असेल, ही शंका कशी फिटणार? चार्वाकांनी ती घेतली होती. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत उत्तर दिलं : शंका असेल तर अनुमान आहेच, कारण त्या दूरच्या देशाकाळाचा विचार तुम्ही अनुमानाशिवाय करूच शकत नाही, आणि शंका नसेल तर प्रश्नच मिटला. शिवाय शंकेलाही हद्द आहे. जिथे शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणं तिच्या आड येतं, तिथे ती संपते. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी, नैषधीयचरित लिहिणाऱ्याच कवीनं, तोच श्लोक घेतला, काही अक्षरं बदलली आणि उलटवला : आड येण्यासाठी आधी शंका असावी लागते, मग ते आड येणं शंकेची हद्द कसं होईल? चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशांनी यालाही उत्तर दिलं. धूर हवा म्हणून माणूस आग पेटवतो, भूक लागली म्हणून अन्न घेतो, दुसऱ्याला समजावं म्हणून बोलतो. आगीपासून धूर होतो याची त्याला खरोखर शंका असती तर तो असा नेमानं वागला नसता.

तीन-चार शतकं चाललेला हा एकच वाद. पहिल्यांदा तो सलग वाचून झाला तेव्हा मी ग्रंथालयातून उठून बाहेर आले आणि कितीतरी वेळ झाडाखाली नुसती येरझाऱ्या घालत राहिले. मधल्या काळात किती पिढ्या गेल्या, राज्यं बदलली, आणि हे लोक एका शंकेपाशी थांबून एकमेकांना उत्तरं देत होते.

मार्गदर्शक मॅडमनी पहिला मसुदा वाचला आणि विचारलं, “ह्यूम गंगेशांना काय म्हणेल?” ह्यूमनंही कार्यकारणाबद्दल हीच शंका घेतली. ते उत्तर १७४८च्या त्याच्या पुस्तकातच, चौथ्या विभागात सापडलं. त्याचा आशय असा : माझं वागणं माझ्या शंकेला खोटं पाडतं असं तुम्ही म्हणाल, पण माझ्या प्रश्नाचा रोख तुम्ही ओळखला नाही. वागणारा माणूस म्हणून माझं समाधान आहे. विचार करणारा म्हणून मला या अनुमानाचा पाया हवा आहे. गंगेश नावाचा कुणी नैयायिक होऊन गेला हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी उत्तर थेट गंगेशांनाच आहे. मी एक अख्खं प्रकरण ह्यूमला दिलं आणि त्यात स्वतःचं एक वाक्यही घातलं नाही. आमच्या वर्गातला एकजण ह्यूमचा कट्टर भक्त होता. त्यानं प्रकरण वाचून ‘सही करतो’ म्हटल्यावरच मी पुढचं लिहायला घेतलं.

या कामात मला १९८३ सालच्या एका चर्चेचा फार आधार वाटला. मे. पुं. रेगे यांच्या पुढाकारानं पुण्यात न्यायशास्त्राचे पंडित आणि पाश्चात्य पद्धतीनं शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. विषय होता विधानाच्या स्वरूपाबद्दलचं ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचं मत, आणि पंडित त्याला न्यायाच्या भाषेत उत्तर देत होते. ते सगळं १९९१ साली ‘संवाद’ या नावानं छापून आलं. मी ज्या शहरात शिकत होते तिथेच हे घडलं होतं. म्हणजे ह्यूमला आणि गंगेशांना एका टेबलाशी बसवणं हा काही माझा एकटीचा हट्ट नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही पक्षांवर बरंच विचारलं आणि मग म्हणाले, “तुमचा पक्ष कोणता?” मी गंगेशांच्या बाजूनं बोलले. शंकेलाही कारण लागतं, नुसतं ‘असू शकेल’ म्हणणं म्हणजे शंका नव्हे, असं मला वाटतं. मग पायाचा प्रश्न तसाच उरतो की, असं त्यांनी म्हटलं. उरतो, मी म्हटलं, पण तो विचारणाऱ्यालाही तो का विचारावासा वाटला हे सांगावं लागेल. त्यांना ते पटलं नाही. मार्क चांगले दिले.

पुढचं सांगते, कारण हा विषय घ्यायचा विचार करणाऱ्यांना ते कळायला हवं. शिकवण्यासाठी नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी असलेली सेट उत्तीर्ण व्हावी लागते. सेट मराठीतूनही देता येते. मी सेट झाले. कायम जागा मिळाली नाही. आमच्या विषयाच्या जागा निघतात तेव्हा एकेका जागेला पीएच. डी. झालेले कितीतरी अर्जदार असतात. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन तासाप्रमाणे, तेही उशिरा येतं, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. माझ्याबरोबरची एकजण वकिलीकडे गेली, एकजण प्रकाशनसंस्थेत संपादन करते, ह्यूमभक्त राज्यसेवेची तयारी करतोय. घरची परिस्थिती बेताची असेल तर तत्त्वज्ञानाबरोबर दुसरं काही हातात ठेवा, असं मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगते. विषय घेऊ नका असं मात्र सांगत नाही.

माझ्या वर्गात आता मी तीच अट लावलीय. मृत्युदंड असावा का, यावर गेल्या सत्रात निबंध होते. ज्याला नको वाटतो त्यानं आधी ‘हवा’ची बाजू लिहायची आणि ती ‘हवा’वाल्यांकडून मान्य करून घ्यायची. पहिल्या फेरीत एकाचीही मान्य झाली नाही. ‘तुम्ही सूडाबद्दलच लिहिलंय, आम्ही न्यायाबद्दल बोलतोय,’ असं एका मुलीनं समोरच्याचा कागद परत देताना सांगितलं. दुसऱ्या फेरीत तिघांची झाली. परीक्षा जवळ आल्यामुळे तिसरी फेरी राहिली. ती या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि मुलांनी त्यासाठी कांट मागून घेतलाय.